बाळाच्या मालिशचं ‘शंभर टक्के नैसर्गिक’ तेल आणि अंगभर पुरळ

चिंचगुळ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात वाचनमात्र असते. आरोग्य विभागात हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

लेक साडेचार महिन्यांची आहे, आम्ही पुण्यात असतो. तिसऱ्या आठवड्यापासून एक मावशी मालिश-आंघोळीला येतात. आईने गावाहून घाण्याचं खोबरेल पाठवलं होतं, तेच लावत होतो आणि काही त्रास नव्हता. मग दिवाळी आली, अभ्यंगाच्या जाहिराती सुरू झाल्या आणि मी भुलले. इन्स्टावरच्या एका पेजवरून ‘११ तेलांचं, कोल्ड प्रेस्ड, केमिकल-फ्री’ बेबी मसाज ऑइल मागवलं. १०० मिलीची बाटली, ७४९ रुपये. वास इतका छान की नवरा मनगटाला चोळून ऑफिसला गेला.

सहाव्या दिवशी मानेच्या वळ्यांत आणि गालांवर लाल बारीक पुरळ. सातव्या दिवशी कोपरांच्या आत आणि पोटावर. रात्रभर किरकिर. बालरोगतज्ज्ञ म्हणाले, सगळी तेलं बंद, बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर लावा, आठवड्याने दाखवा. सासूबाईंचं म्हणणं, हे उष्णतेचं आहे, तेल सोडलंस तर हाडं कशी भरणार? मावशी म्हणतात, “ताई, नवं तेल पहिल्यांदा अंगावर उठतंच, मग सवय होते.” पेजवाल्या बाईंना मेसेज केला तर उत्तर आलं: “नॅचरल तेलाची अ‍ॅलर्जी येत नाही मॅम. हे डिटॉक्स आहे, टॉक्सिन्स बाहेर पडताहेत. दिवसातून दोनदा लावा.”

बाटलीवरची यादी देते: बदाम, ऑलिव्ह, तीळ, खोबरेल, मोहरी, जर्दाळू, गव्हांकुर, लॅव्हेंडर, संत्र्याची साल, निलगिरी, कापूर.

यातलं नक्की कोण बाधलं असेल? आणि झाडापासून काढलेलं तेल मुळात बाधू शकतं का? घरात रोज परिषद भरतेय आणि माझ्या बाजूला एकही मत नाही.

---

मुंगळा

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे दुसरं येऊ घातलंय.

अवांतर: कापूर हे तेल कधीपासून झालं? अकरा भरायला घेतलेला दिसतोय.

---

सोलापुरी चादर

चिंचगुळताई, घाबरू नका. आमच्या आईने आम्हा पाच भावंडांना करडईच्या तेलावर वाढवलं. खायला तेच, अंगाला तेच, समईला तेच. कुणाला कधी पुरळ उठलं नाही. ही बदाम-ऑलिव्हची थेरं आत्ताची. आमच्याकडे ऑलिव्ह म्हणजे मुंजीतल्या सोड्याचा रंग वाटायचा.

---

त्वचावैद्य

ओपीडी संपल्यावर लिहितोय. फोटो न बघता, बाळ न बघता निदान करणार नाही. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलंय ते बरोबर सांगितलंय, तेच करा. पण यादीवर बोलता येईल.

त्वचेचा सगळ्यात वरचा थर म्हणजे विटांची भिंत समजा. विटा म्हणजे मेलेल्या पेशी आणि मधला चुना म्हणजे सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं. लहान बाळाच्या भिंतीतला चुना अजून पुरता धरलेला नसतो. तेल नुसतं वर पसरून राहत नाही, त्यातली मेदाम्लं या चुन्यात मुरतात. म्हणून तेलात कोणतं आम्ल जास्त आहे हे बघायचं. लिनोलेइक आम्ल शरीराला सिरॅमाइड बनवायला लागतंच. ओलेइक आम्ल उलट त्या चुन्याची घडी विस्कटतं. इतकं की मलमातलं औषध त्वचेतून आत जावं म्हणून ओलेइक आम्ल मुद्दाम घालतात.

ऑलिव्हमध्ये हे ओलेइक साधारण ५५ ते ८० टक्के असतं. बदाम आणि जर्दाळूही त्याच पंक्तीतले. साध्या सूर्यफुलात लिनोलेइक जास्त, आणि वरच्या सोलापूरकरांच्या करडईत तर सत्तर टक्क्यांच्या पुढे. त्यांच्या आईंनी हे कुठे वाचलं नव्हतं, पण हाताशी होतं ते तेल चांगलं निघालं.

शेफील्ड विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ मध्ये एक साधा प्रयोग छापला. मोठ्या माणसांच्या हातावर ४ आठवडे दिवसातून दोनदा ऑलिव्ह तेलाचे थेंब लावले. त्वचेची भिंत कमजोर झाली आणि थोडी लालीही आली. ज्यांना पूर्वी कधी इसब नव्हतं त्यांनासुद्धा. सूर्यफुलाने तसं केलं नाही.

दुसरीकडे ढाक्याचा २००५ मधला अभ्यास आहे. ३३ आठवड्यांच्या आत जन्मलेली, रुग्णालयात ठेवलेली नाजूक बाळं. त्यांना सूर्यफुलाचं तेल लावलं तर रुग्णालयात लागणारा जंतुसंसर्ग ४१ टक्क्यांनी कमी झाला. हे गुणगान मात्र घरच्या गुटगुटीत बाळाला जसंच्या तसं लावू नका. त्या बाळांची त्वचा जवळजवळ कागदासारखी होती. वर घातलेल्या थराने जंतूंची वाट अडवली.

आता तुमच्या बाटलीतलं खरं धोक्याचं. कापूर आणि निलगिरी. पुरळ राहू दे बाजूला, ही दोन्ही बाळाच्या जवळसुद्धा नकोत. कापूर त्वचेतून रक्तात जातो, वाफेवाटेही जातो आणि पोटात गेला तर मिनिटांत आकडी येऊ शकते. अमेरिकेत १९८३ पासून लावायच्या औषधात ११ टक्क्यांच्या वर कापूर घालता येत नाही आणि नुसतं कापूर घातलेलं तेल विकायला बंदी आहे. आपल्याकडे मात्र सर्दी झाली की खोबरेलात कापूर कढवून छातीला. माझ्या आईनेही मला लावलाय. तरी दोन वर्षांखालच्या मुलाला लावू नका असंच सांगेन.

---

चिंचगुळ

बाप रे. कापूर मी ‘थोडासा आहे, वासापुरता’ म्हणून सोडून दिला होता. बाटली आत्ताच वरच्या फळीवर ठेवली.

---

घाण्याचा बैल

माझा सांगली जिल्ह्यात लाकडी घाणा आहे, तेव्हा मी पक्षपाती आहे हे आधीच कबूल करतो.

डॉक्टरसाहेब, तुमचं आम्लांचं गणित मान्य. पण लोक आता ‘घाण्याचं तेल वाईट’ एवढंच वाचतील. तेल वाईट नसतं, माल वाईट असतो. खोबऱ्याच्या वाट्या ओल्या राहिल्या की बुरशी धरते. बुरशी धरू नये, पांढऱ्या दिसाव्यात म्हणून बाजारात वाट्यांना गंधकाची धुरी देतात. त्या वाट्या घाण्यात घाला नाहीतर सोन्याच्या मशीनमध्ये घाला. मी वाटी मोडून, चावून, वास घेऊन घेतो. गिऱ्हाइकाने पण विचारावं, खोबरं कुठलं, गाळलं कधी.

दुसरं म्हणजे खवटपणा. करडई, सूर्यफूल, जवस ही तेलं लवकर खवटतात. डॉक्टरांनी ज्याचं कौतुक केलं ते लिनोलेइकच हवेने आधी बिघडतं. खोबरेल वर्षभर राहतं. म्हणून करडईची दोन लिटरची बाटली बाळासाठी घेऊन सहा महिने वापरू नका. पाव लिटर घ्या, संपवा, परत या. (धंदा!)

---

बीकर

मी सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत आहे. बैलबुवा खवटपणाचं बोलले ते शंभर नंबरी. पण या धाग्यात एक घोळ होतोय.

मराठीत आपण दोन वेगळ्या वस्तूंना एकच ‘तेल’ म्हणतो. शेंगदाण्याच्या तेलाचं बोट कागदावर टेका. डाग उद्याही तिथेच. निलगिरीचा थेंब टेका. थोड्या वेळाने कागद कोरडा. पहिलं बियांतून पिळलेलं मेद, दुसरा उडून जाणारा सुगंधी अर्क. पहिलं चुकलं तर त्वचेची भिंत हळूहळू कमजोर होते. दुसऱ्याने अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि एकदा ती झाली की जन्मभर पाठ सोडत नाही.

संत्र्याच्या सालीच्या अर्कात नव्वद टक्क्यांहून जास्त लिमोनीन असतं, लॅव्हेंडरमध्ये लिनलूल. ताजी असताना ही दोघं बऱ्यापैकी शहाणी असतात. बाटली उघडली, हवा लागली की त्यांचे हायड्रोपेरॉक्साइड तयार होतात आणि ती खरी खोडकर मंडळी. टी ट्री तेलाचंही तेच, जुनी बाटली नव्यापेक्षा जास्त चावते. म्हणजे गिऱ्हाईक बाटली ‘जपून जपून’ वर्षभर वापरतं तिथेच फसतं.

युरोपात या वासाच्या द्रव्यांपैकी २६ नावं लेबलवर छापायची सक्ती दोन दशकांपूर्वीच आली. २०२३ मध्ये ती यादी ऐंशीच्या घरात नेली. अंगावर राहणाऱ्या तेला-क्रीममध्ये ०.००१ टक्क्याच्या वर असेल तर नाव छापायचंच. आणि कायद्याला फुलातून आलं की कारखान्यातून, याने फरक पडत नाही. लिनलूल ते लिनलूल.

‘केमिकल-फ्री’ वाचलं की मला हसू येतं. पाणी नसलेल्या तेलात जंतू वाढत नाहीत, म्हणून त्यात प्रिझर्वेटिव्ह लागतच नाही. न लागणारी गोष्ट घातली नाही म्हणून टेंभा मिरवायचा! उलट जिथे लागतं, म्हणजे कोरफडीचा गर आणि तेल घोटून केलेलं ‘घरगुती जेल’, तिथे ते घालत नाहीत आणि आठवड्यात बरणीत काळी बुरशी. माझ्या वहिनीच्या भिशीत एकीने असं जेल विकलं होतं. निम्म्या जणींच्या हनुवटीवर फोड, आणि भिशीही मोडली.

ताई, बाटलीवर बॅच नंबर आहे का? बनवणाऱ्याचं नाव-पत्ता? परवाना क्रमांक? कधीपर्यंत वापरायचं? २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांनुसार हे सगळं हवं. आयुर्वेदिक म्हणून विकत असतील तर आयुषचा परवाना वेगळा, तोही छापावा लागतो.

---

चिंचगुळ

बघितलं. यादी, एक कमळाचं चित्र, ‘मेड विथ लव्ह’ आणि पेजचं नाव. बाकी काही नाही.

---

तिरकस

म्हणजे आता आजीच्या वाटीतलं तेल लावायलाही परवाना दाखवायचा. उद्या खोबरेलावर ‘त्वचेस हानिकारक’ म्हणून कर्करोगाचा फोटो छापा. आमच्या पिढ्या मेल्या का तेलाने? लिक्विड पॅराफिन म्हणजे पेट्रोलियममधून काढलेलं तेल परदेशी कंपन्या ‘बेबी ऑइल’ म्हणून विकतात, त्यावर कुणी ब्र काढत नाही.

---

बीकर

तिरकसराव, मी काढतो ब्र, पण तुमच्या विरुद्ध दिशेने. बदामाच्या चित्राचं हेअर ऑइल घरात असेल तर मागची बारीक अक्षरं वाचा. पहिलं नाव बहुधा लाइट लिक्विड पॅराफिनच निघेल, बदाम शेवटच्या ओळीत थेंबभर. ही फसवणूक आहे हे मान्य. पण शुद्ध केलेलं पॅराफिन अंगाला बाधण्याच्या बाबतीत भलतंच सज्जन असतं. अ‍ॅलर्जी जवळजवळ शून्य, खवटत नाही. पोषण काही नाही, वर नुसतं पांघरूण. पेट्रोलियम म्हणून वाईट आणि झाड म्हणून चांगलं असा हिशेब असता तर कण्हेरीचा काढा पौष्टिक ठरला असता.

---

मुंगळा

पॅराफिनवरून आठवलं, अवांतर आहे, गमतीने घ्या. खोबरेलाची छोटी बाटली खाण्याचं तेल की केसांचं, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल लागला. खाद्यतेल म्हणून विकलं, तसं लेबल असलं, तर बाटली लहान आहे एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. करातला फरक मोठा होता म्हणून एवढी लढाई. आमची आजी त्याच बाटलीतून आधी माशाला आणि मग माझ्या डोक्याला तेल लावायची. न्यायालयाला आधी विचारलं असतं तर वेळ वाचला असता.

---

मँचेस्टरची मिरची

आमच्याकडे उलटा प्रकार. बाळ झालं तेव्हा सुईणबाई म्हणाली, हवं तर ऑलिव्ह लाव. दोन वर्षांनी धाकट्याच्या वेळी हेल्थ व्हिजिटर (घरी येऊन बाळ बघणारी नर्स) म्हणाली, नको लावूस. मध्ये इथल्याच विद्यापीठाचा अभ्यास आला होता, २०१६ मधला. ११५ नवजात बाळं, तीन गट. एकाला ऑलिव्ह, एकाला सूर्यफूल, एकाला काहीच नाही. ४ आठवड्यांनी तेल लावलेल्या दोन्ही गटांत त्वचेत ओलावा बरा होता, पण तो चुना म्हणतात डॉक्टर, त्याची घडी तेल न लावलेल्यांइतकी नीट बसली नव्हती. दोन्ही गटांत. म्हणजे सूर्यफूलही धुतल्या तांदळाचं नाही.

आईला व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाली, मग तुझी कातडी कशी काय गं बरी आहे?

---

त्वचावैद्य

मिरचीताई, हा अभ्यास आणल्याबद्दल आभार, मी टाळला होता हे कबूल. नवजात, म्हणजे पहिला महिना, निरोगी त्वचेला तेलाची गरज आहे असा पुरावा नाही. पण आपल्याकडे मालिश ही नुसती तेलाची गोष्ट नाही. बाळ हाताळलं जातं, मोकळं होतं, झोपतं. आई तेवढा वेळ चहा पिते. ती बंद करा असं मी कुठल्याही आईला सांगत नाही.

खोबरेलाच्या बाजूनेही बोलायला हवं. फिलिपिन्समध्ये इसब असलेल्या ११७ मुलांना ८ आठवडे एका गटात व्हर्जिन खोबरेल, दुसऱ्यात पॅराफिन तेल लावून बघितलं. इसबाचा गुणांक खोबरेलाच्या गटात सरासरी ६८ टक्क्यांनी उतरला, पॅराफिनच्या गटात ३८. मात्र तेच खोबरेल सोळा वर्षांच्या मुलीने चेहऱ्याला चोळलं तर कपाळावर मुरमांची रांग लागते. डोक्यात कोंडा असेल तर तेलातली मेदाम्लं कोंडा वाढवणाऱ्या यीस्टचं, म्हणजे एका बुरशीचं, खाद्य होतात. आई म्हणते कोरडं झालंय, तेल लाव. मी म्हणतो तेलानेच वाढतंय. यात प्रत्येक वेळी मीच हरतो.

---

लखनौची सून

इथे मोहरीचा विषय निघाला म्हणून लिहिते. सासर लखनौजवळ, सासूबाई बाळाला कढवलेलं सरसों तेल, त्यात लसूण-ओवा. मी दादरची, आम्हाला खोबरेलाशिवाय काही माहीत नाही. मोहरीने बाळाच्या पाठीवर दरवेळी लाली यायची आणि त्या म्हणायच्या, गरमी आली, चांगलं झालं.

---

त्वचावैद्य

ती ‘गरमी’ म्हणजे मोहरीतलं झोंबणारं द्रव्य, जे चटणीत नाकाला झोंबतं तेच. उंदरांवरच्या २००२ मधल्या प्रयोगात मोहरीच्या तेलाने त्वचेची डागडुजी लांबली, सूर्यफुलाने लवकर झाली.

आणि एक जुनी गोष्ट सांगतो. मोहरीच्या पिकात पिवळा धोत्रा उगवतो. त्याचं बी मोहरीसारखंच दिसतं. ते मिसळलं की तेलात सँग्विनरिन नावाचं विष येतं. पाय सुजतात, हृदय थकतं. १९९८ मध्ये दिल्लीत अशा भेसळीने साठाहून जास्त माणसं गेली. ती तेल खाऊन. पण नुसत्या मालिशनेही हा आजार झाल्याच्या नोंदी १९८५ पासून वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. अंगाला लावलेलं पोटात जात नाही, ही समजूत त्या रुग्णांच्या बाबतीत खोटी ठरली.

---

वेंगुर्ल्याचो

गो बाय चिंचगुळ, झाडाचं तेल बाधतं का विचारतेस? आमच्याकडे ये. काजूच्या कारखान्यात बी फोडणाऱ्या बायांचे हात बघ. टरफलातलं तेल शंभर टक्के नैसर्गिक, कोल्ड प्रेस्डच म्हण की. हाताला राख नाहीतर एरंडेल चोळल्याशिवाय बसल्या तर बोटांची सालं निघतात. आणि बिब्बा! झाडाखालून गेलं तरी उततो म्हणतात काहींना. तोंड भोपळ्याएवढं होतं. आंबा, काजू, बिब्बा एकाच घराण्यातले, आंब्याचा चीक ओठाला लागला की कळतं. पूर्वी धोबी बिब्ब्याने कपड्यांवर खुणा करत. दुसऱ्या महायुद्धात आलेल्या गोऱ्या शिपायांच्या मानेवर बरोबर त्या खुणेखाली चट्टे उठले होते.

कशात तरी बिब्बा घालणे म्हणतात ते उगाच नाही. तुझ्या सासूबाईंबद्दल काही म्हणत नाही हां.

थंडीत टाचांना भिरंडेल लाव. कोकमाच्या बियांचं, घट्ट गोळा असतो, तव्यावर जरा गरम केला की सुटतो. त्याने अजून कुणाला उतलेलं बघितलं नाही.

---

वैद्य वाटवे

(हे टोपणनाव आहे, शोधत बसू नका.)

बिब्ब्याला आम्हीही घाबरूनच असतो. विटेच्या चुऱ्यात घोळून, तेल काढून, धुऊन, शुद्ध केल्याशिवाय तो हातात घ्यायचा नाही असं ग्रंथ सांगतात. म्हणजे ‘नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी’ ही आयुर्वेदाची शिकवण नाहीच, ती जाहिरातवाल्यांची आहे आणि नाव आमचं जातं.

तैल हा शब्दच तिलापासून आला. मालिशला तीळतेल हे आमचं मूळ मत. पण अभ्यंग सगळ्यांना सरसकट सांगितलेला नाही. ताप, अजीर्ण, नुकतंच शोधन (वमन-विरेचनासारखी शुद्धी) झालेलं असताना नको. अंगावर पुरळ असताना तेल चोळत राहा असं कुठलाही वैद्य सांगणार नाही. मावशींना माझं नाव सांगा.

मी जास्त घाबरतो ते बावचीला. कोडासाठी लोक दुकानातून बावचीचं तेल आणतात आणि लावून उन्हात जातात. त्यातलं सोरालेन सूर्यप्रकाशाने पेटतं. सोरालेन हे नावच बावचीच्या शास्त्रीय नावावरून पडलंय. रुग्णालयात तेच द्रव्य आणि मोजून दिलेले अतिनील किरण वापरून कोडाचा उपचार होतो. तिथे सेकंदांचा हिशेब असतो, इथे एप्रिलातल्या जळगावचं ऊन.

---

केळीबाग

जळगाव म्हणालात आणि अंगावर काटा आला. माझ्या चुलतभावाने पायावरच्या पांढऱ्या डागाला हेच लावलं, हाफ पँटवर मोटारसायकलने भुसावळला जाऊन आला. रात्री डागाच्या आकाराचा फोड, बरोबर तेवढाच, कंपासने काढल्यासारखा. फोड बरा झाला, भोवती काळी कड राहिली ती राहिलीच.

---

रात्रपाळी

मी नर्स आहे, लहान मुलांच्या वॉर्डात. पुरळ बरं होतं. मला दुसरंच सांगायचंय. मालिशवाल्या मावशी आंघोळीनंतर बाळाच्या नाकात, कानात, बेंबीत तेल सोडतात का? टाळू भरतात तोवर ठीक, वरून बोट फिरवलं तर काही होत नाही. नाकात सोडलेलं तेल सरळ फुप्फुसात उतरतं. बाळ खोकतही नाही, कारण तेल घशाला टोचत नाही. मग दोन-तीन आठवडे न हटणारा न्यूमोनिया. एक्स-रे बघून डॉक्टर आईला पहिला प्रश्न हाच विचारतात. आणि आई म्हणते, शुद्ध तेल होतं हो, गावचं. शुद्ध असलं तरी फुप्फुसाला ते पचत नाही.

कानात तेल घालून कानात बुरशी, हे तर दर पावसाळ्यात.

---

चिंचगुळ

रात्रपाळीताई, मावशी नाकात दोन थेंब सोडतात. रोज. मी आजपर्यंत कौतुकाने बघत होते. उद्या सकाळी बोलते त्यांच्याशी, कसं बोलायचं ते आधी ठरवते.

---

घाण्याचा बैल

बीकरभाऊ, एक शंका. गिऱ्हाईक शेंगदाण्याचं घाण्याचं तेल ‘बाळाला लावायला’ म्हणून मागतात. रिफाइन्डपेक्षा हे बरंच ना?

---

बीकर

इथे मात्र उलटं आहे, राग मानू नका. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी त्यातल्या प्रथिनाने होते. रिफाइन करताना प्रथिन जवळजवळ निघून जातं, घाण्याच्या तेलात ते राहतं. २००३ मध्ये इंग्लंडात एक मोठा अभ्यास झाला. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत, लहानपणी पुरळावर शेंगदाणा-तेलाची क्रीम लावलेल्यांचं प्रमाण जास्त निघालं. फाटलेल्या त्वचेतून ओळख झाली की शरीर शत्रू मानतं, तोंडातून झाली की बहुधा पाहुणा. म्हणून इसबाच्या त्वचेवर शेंगदाणा, तीळ, बदाम, गव्हांकुर असलं खाण्यातलं कच्चं तेल मी तरी लावणार नाही. चिंचगुळताईंच्या यादीत यातली तिघं आहेत.

---

घाण्याचा बैल

राग नाही. बाटलीवर चिकटवायला चिठ्ठी छापून घेतो, ‘फक्त खाण्यासाठी’. करडईची विक्री वाढवतो.

पण मग सांगा, करडई घेताना गिऱ्हाइकाने काय बघायचं? आता हाय-ओलेइक करडई आणि सूर्यफूल पण यायला लागलंय.

---

बीकर

तेच बघायचं. बाटलीवर ‘हाय ओलेइक’ असेल तर ते तळायला उत्तम, बाळाला नको, ते ऑलिव्हचंच भावंड झालं. बियाणं कुठल्या जातीचं हे तुम्हालाच विचारावं लागेल, आम्हाला बाटलीतून कळत नाही.

---

मुंगळा

डॉक्टर, नवं तेल आणलं तर आधी तपासायचं कसं? कानामागे एक थेंब, झालं?

---

त्वचावैद्य

एक थेंब, एक दिवस, एवढ्याने काही कळत नाही. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत, दिवसातून दोनदा, आठवडाभर, दरवेळी तिथेच. अ‍ॅलर्जी पहिल्या दिवशी दिसत नाही. या धाग्यात पुरळ सहाव्या दिवशी उठलं ते आठवा. आणि अकरा तेलांच्या मिश्रणात कोण बाधलं हे मी सांगू शकत नाही, ती बाईही सांगू शकणार नाही. एका वेळी एकच तेल, बिनवासाचं.

‘डिटॉक्स’बद्दल एकच वाक्य. त्वचेतून विष पुरळाच्या रूपाने बाहेर पडतं असा कोणताही रस्ता शरीरात नाही, त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंड आहेत.

---

चिंचगुळ

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशिराबद्दल क्षमस्व.

पुरळ बारा दिवसांत गेलं. कोपराच्या आत थोडा खरखरीतपणा राहिलाय. डॉक्टर म्हणाले इसबाकडे कल असू शकतो, माझ्या भावाला दमा आहेच. पॅच टेस्ट (अ‍ॅलर्जी कशाची ते शोधायची त्वचेची चाचणी) वगैरे एवढ्यात नको म्हणाले. दहा दिवस फक्त मॉइश्चरायझर लावलं, मग मांडीवर रुपयाएवढ्या जागेत आठवडाभर आईचं जुनं खोबरेल लावून बघितलं. काही नाही. परवापासून तेच, हलक्या हाताने, आंघोळीच्या आधी. वळ्यांत नाही, चेहऱ्यावर नाही.

मावशींशी बोलले. नाकाचं ऐकून त्या आधी रुसल्या, चाळीस वर्षं हेच करतेय म्हणाल्या. मग मी रात्रपाळीताईंचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. खोकतही नाही, या वाक्याला त्या थांबल्या. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाकाजवळ बोट गेलं नाही. आणि शेजारच्या घरीही आता सोडत नाही म्हणाल्या.

पेजवाल्या बाईंकडे बॅच नंबर मागितला तर त्यांनी मला ब्लॉक केलं. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार टाकलीय, बाटलीच्या फोटोसकट.

---

सोलापुरी चादर

आणि ते ७४९ चं उरलेलं तेल?

---

चिंचगुळ

काकू, सासूबाईंनी टाकू दिलं नाही. त्रिपुरी पौर्णिमेला पणत्यांना घातलं. सगळ्या बिल्डिंगला लॅव्हेंडरचा वास, आणि वातीवर कापूर तडतडतोय.